टॉवर नको म्हणणारांनो!

हा लेख छापून आला म्हणजे आमच्या गावातली निम्मी मंडळी माझ्याशी बोलणे टाकतील, हे मला ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्यांनी ते आधीच टाकले आहे. तेव्हा शाळेचा मास्तर आणि दोन-चार कादंबऱ्यांचा धनी म्हणून गावात माझी जी काही पत आहे, ती या दिवाळीत पणाला लावून मी लिहीत आहे. फराळाच्या ताटाशी बसून अंक चाळणाऱ्या वाचकांना प्रथम वाटेल की, हा विषय सणासुदीचा नव्हे. पण त्याच ताटाच्या कडेला तुमचा जो मोबाईल पडला आहे ना, त्याचाच हा विषय आहे. आणि त्यात माझ्या घरातल्या एका माणसाचा उजवा हात गुंतलेला आहे.

पहिला गुन्हेगार मीच, हेही आरंभीच सांगून टाकतो.

२०१८ साली एका कंपनीची माणसे आमच्या गावात आली. शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांना मोबाईलचा टॉवर उभा करायचा होता. बातमी फुटली आणि गावात एकच हलकल्लोळ उडाला. टॉवरच्या किरणांनी चिमण्या मरतात, नारळ गळतात, पोरांच्या डोक्यात गाठी होतात, असे जो तो जो त्याला सांगू लागला. मंडळी माझ्याकडे आली. “मास्तर, तुम्ही लिहिणारे. अर्ज तुमच्याच हातचा हवा.” लेखकाला याहून मोठी लाच कोणती? मी रात्रभर जागून अर्ज लिहिला. “अदृश्य किरणांचा विषारी पाऊस” अशी त्यात एक ओळ होती. ती ग्रामसभेत वाचली तेव्हा बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले. कंपनीची माणसे निमूट निघून गेली आणि त्यांनी तो टॉवर डोंगरापलीकडे, तालुक्याच्या रस्त्याला, चार किलोमीटरांवर नेऊन उभा केला. आम्ही पेढे वाटले.

त्या अर्जात मी जे जे लिहिले होते, त्यातले एक अक्षरही मी तपासून पाहिले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. पण शिक्षण कमी ही काही सबब नव्हे. शब्द लिहिण्यापूर्वी अर्थ पाहावा, हे तर मी चौथीच्या पोरांनाही सांगतो.

* * *

जुलै २०२१. शाळा बंद होत्या आणि धडे मोबाईलवर चालले होते. मी दिवसभर ओसरीत बसून पोरांना चित्रे आणि गणिते पाठवीत होतो. पाऊस कोसळत होता आणि दुपारपासून वीज गेली होती. सकाळी पूर्ण भरलेला माझा मोबाईल दुपारी तव्यासारखा तापला आणि तिन्हीसांजेला बॅटरीचा आकडा तीनवर आला. अशा वेळी आई स्वयंपाकघरात कोसळली. तोंड वाकडे झालेले, उजवे अंग लुळे पडलेले.

मी १०८ नंबर लावला. पलीकडून उत्तर येण्याआधीच मोबाईल विझला. शेजारच्या काकांचा मोबाईल उघडला तर त्यावर एक रेघही नाही. तो घेऊन मी त्या पावसात मारुतीच्या टेकाडावर धावलो. तिथे फोन लागला. गाडी आली, आलेल्या माणसांनी होईल तेवढे सर्व केले. आधी तालुका, मग जिल्ह्याचे इस्पितळ. तिथले डॉक्टर म्हणाले, “मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तुम्हाला पाच तास होऊन गेलेत.”

त्या गेलेल्या तासाभराने सगळाच फरक पडला असता, असे मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. पण आईचा उजवा हात अजून चालत नाही, आणि तो तास कुठे गेला, हे शोधून काढल्यावाचून मला चैन पडेना.

* * *

ते मला सांगितले माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. वर्गात हा मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. आज तो टॉवरांच्या देखभालीचे काम करतो. आईला बघायला म्हणून आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, “गुरुजी, तुमचा मोबाईल खराब नाही. तो ओरडून ओरडून दमतो.”

मी म्हटले, “अरे बाबा, हा मुका डबा ओरडेल कसा?”

त्याने माझ्या मोबाईलच्या आतल्या कुठल्याशा पानावर सिग्नलचा आकडा दाखवला. आमच्या ओसरीत तो उणे ११२ होता. मग आम्ही दोघे टेकाडावर गेलो. तिथे उणे ८५. “दहाचा फरक म्हणजे दहा पट, वीसचा म्हणजे शंभर पट,” तो सांगू लागला. “सत्तावीसचा म्हणजे सुमारे पाचशे पट. टॉवरचा आवाज तुमच्या ओसरीत टेकाडापेक्षा पाचशे पट क्षीण येतो. आणि तुमच्या मोबाईलचा आवाज टॉवरला पोचायचा, तर त्यालाही टेकाडापेक्षा तितक्याच पटीने जोर लावावा लागतो.”

वाचकहो, येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पण भिऊ नका. चौथीच्या वर्गाला समजते तेवढेच सांगतो.

मोबाईल हे दुहेरी यंत्र आहे. ते नुसते ऐकत नाही, बोलतेही. आणि शहाण्या माणसाप्रमाणे ते समोरच्याला ऐकू जाईल इतपतच मोठ्याने बोलते. टॉवर जवळ असेल तर कुजबुजते. दूर असेल तर ओरडते. दुसऱ्या पिढीचा साधा मोबाईल जास्तीत जास्त २ वॅट जोराने बोलू शकतो आणि टॉवर जवळ असला तर ३ मिलिवॅटपर्यंत, म्हणजे सहाशेव्या हिश्श्यापर्यंत, खाली येतो. चौथ्या पिढीच्या मोबाईलची कमाल मर्यादा सुमारे २०० मिलिवॅट आहे आणि त्याला त्याच्या वीस लाखाव्या भागाइतके हळू बोलता येते. वीस लाखाव्या! आमच्या गावच्या एकाही पुढाऱ्याला हे साधलेले नाही.

आणि हा जोर मोबाईल आपल्या मनाने ठरवीत नाही. टॉवर त्याला सतत सांगत असतो, “जरा वाढव; आता पुरे; आता कमी कर.” याची गरज कशी पडली, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात १९८९ साली क्वालकॉम कंपनीने एक नवी रीत करून दाखवली. अनेक मोबाईलांनी एकाच वेळी, एकाच लहरीपट्ट्यावर बोलायचे. फक्त प्रत्येकाची सांकेतिक भाषा निराळी. एकाच दालनात पंचवीस माणसे पंचवीस भाषांत बोलत आहेत अशी कल्पना करा. ज्याला ज्याची भाषा कळते त्याला त्याचे बोलणे कळेल. पण एक अट आहे. कुणीही ओरडता कामा नये. दाराजवळचा एक जरी ओरडू लागला तरी मागच्या साऱ्यांचे बोलणे बुडते. म्हणून टॉवरपाशी सर्वांचे आवाज सारखेच पोचले पाहिजेत. या रीतीच्या पहिल्या यंत्रणेत टॉवर प्रत्येक मोबाईलला सेकंदाला ८०० वेळा हळू-मोठ्याने सांगत असे. पुढे तिसऱ्या पिढीत १,५०० वेळा. दुसऱ्याचे बोलणे बुडू नये म्हणून आपला आवाज आवरणे ही सभ्यता यंत्राला शिकवावी लागली, आणि ते शिकले.

आणखी एक गंमत. दोन माणसे बोलत असतात तेव्हा एका वेळी एकजण ऐकतच असतो. तो गप्प असताना त्याच्या मोबाईलने कशाला बोलावे? म्हणून तो बोलायचा थांबतो आणि बॅटरी वाचवतो. पण अगदी सामसूम झाली तर पलीकडच्याला वाटते, फोन तुटला. तेव्हा पलीकडचा मोबाईल आपल्याच पोटातून थोडीशी खरखर निर्माण करून मालकाला ऐकवतो. “मी आहे हो, गेलो नाही,” एवढाच त्या खरखरीचा अर्थ.

* * *

आता अंतराचे गणित. उघड्या आकाशात अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाई होते. हा वर्गाचा नियम. पण आपण काही आकाशात राहत नाही. घरे, झाडे, डोंगर, जमिनीवरून परत फिरणाऱ्या लहरी यांच्या गर्दीत ती कित्येकदा चौथ्या घाताने घटते. म्हणजे जो टॉवर एक किलोमीटरवर व्हायचा होता तो चार किलोमीटरांवर गेला, तर मोबाईलला निदान सोळा पट आणि वाईटात वाईट दोनशे छप्पन्न पट जोर लावावा लागतो. मध्ये डोंगर आहे तो निराळाच. जोर संपला की मोबाईल टॉवर हरवून बसतो आणि मग काळोखात काठी आपटीत फिरणाऱ्या माणसासारखा पुन्हा पुन्हा त्याला शोधत राहतो. त्यातही बॅटरी जाते. माझ्या ओसरीत तो तास असा गेला. माझ्याच अर्जाने तो नेला.

“पण मास्तर, किरणांचे काय?” हा प्रश्न तुम्ही विचारणार. विचारा. तुमच्या भीतीची मी थट्टा करीत नाही. ती मीच तुमच्यात पेरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली या लहरींना “कदाचित कर्करोगकारक” या वर्गात घातले, हे खरे आहे. शंकेला जागा आहे, पुरावा अपुरा आहे, असा त्या वर्गाचा अर्थ. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरांवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, हेही खरे. मी म्हणतो, तुमची भीती शंभर टक्के खरी मानू. आणि मग तिचाच हिशेब करू.

टॉवर घरापासून दोनशे मीटरवर आहे असे धरा. मोबाईल मेंदूपासून दोन सेंटिमीटरवर आहे. दोनशे मीटर म्हणजे दोन सेंटिमीटरच्या दहा हजार पट. दहा हजाराचा वर्ग दहा कोटी. टॉवर मोबाईलपेक्षा हजार पट मोठ्याने बोलला तरी, पूर्ण जोराने बोलणारा मोबाईल कानाशी धरणाऱ्याच्या वाट्याला मोबाईलचे टॉवरपेक्षा लाखपट जास्त येते. हिशेब ढोबळ आहे, इतक्या जवळ नियम थोडा निराळा चालतो, हे मान्य. दहा पट इकडेतिकडे धरा. तरी तात्पर्य बदलत नाही. ज्याला किरणांचे भय आहे, त्याने डोंगरापलीकडच्या टॉवरला भिऊ नये. आपल्या कानाला भिडलेल्या, पूर्ण जोराने ओरडणाऱ्या मोबाईलला भ्यावे. आणि तो ओरडू नये म्हणून टॉवर जवळ मागावा!

मोबाईलच्या खोक्यावर शरीरात मुरणाऱ्या लहरींचा एक आकडा छापलेला असतो. भारतात त्याची मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॅट आहे. तो आकडा मोबाईलला पूर्ण जोराने बोलायला लावून मोजलेला असतो. टॉवरजवळच्या माणसाच्या वाट्याला त्याचा लहानसा अंशच येतो. तो आकडा पुरतेपणी भोगतात ती आमच्यासारखी, टॉवर हाकलून लावणारी शहाणी गावे. विषारी पाऊस नको म्हणून आम्ही छप्पर घातले आणि खाली बसून प्रत्येकाच्या हाती एकेक पिचकारी दिली!

दिवाळीला शहरातून गावी येणारे आमचे पाहुणेही यातून सुटत नाहीत. दोन-दोन मोबाईल घेऊन ते अंगणात फिरतात आणि “काय तुमच्या गावाला रेंज नाही!” म्हणून नाक मुरडतात. त्या अर्जावर त्यांच्याही सह्या आहेत. आपल्या शहरातल्या इमारतीच्या गच्चीवरचा टॉवर काढावा म्हणून सोसायटीच्या सभेतही त्यांनी हात वर केलेले असतात. टॉवर नको, पण रेंज हवी. विहीर नको, पण पाणी हवे!

* * *

आता कंपन्यांकडे वळतो. नाहीतर मंडळी म्हणतील, मास्तर विकला गेला.

या कंपन्यांनी आम्हाला एकच गोष्ट विकली : वेग. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून आपल्या देशातले मोबाईलचे युग सुरू केले, तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत; माणूस मोजून बोलत असे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचवी पिढी आली. मधल्या सत्तावीस वर्षांत जाहिरातीत काय वाढत गेले? वेग, वेग आणि वेग. या वेगाला किंमत काय पडते, हे मात्र कोणी सांगत नाही.

ती किंमत १९४८ साली क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणित्याने काढून ठेवली आहे. त्याचा नियम माझ्या विद्यार्थ्याने मला वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिला. गोंगाटातून संदेश पाठवायचा आहे. एका दमात माहितीचे दोन कण पाठवायचे तर आवाज गोंगाटाच्या निदान ३ पट हवा. चार कण पाठवायचे तर १५ पट. सहाला ६३ आणि आठला २५५! म्हणजे दोनाऐवजी चार कण पाठवून घाई दुप्पट करावी, तर जोर पाचपट लागतो. काम निम्म्या वेळात उरकले तरी एकूण खर्च अडीचपट होतो. घाईचे बिल हे असे चढत जाते. आमच्या आजीबाईंनी हे शॅननच्या आधीच सांगितले होते : अति घाई, संकटात नेई.

शहाणी यंत्रणा म्हणून काय करते? चांगला मास्तर शुद्धलेखन घालताना करतो तेच. पुढच्या बाकावरच्यांना भरभर सांगतो. मागच्यांना सावकाश, तोडून तोडून सांगतो. खिडकीबाहेर वरात वाजू लागली तर क्षणभर थांबतो. चौथ्या पिढीत मोबाईल टॉवरला वेळोवेळी “मला कसे ऐकू येते” याचे गुण कळवतो. एक ते पंधरा, अगदी प्रगतिपुस्तकासारखे. त्यावरून टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की, कुणाशी किती वेगाने बोलायचे, एका दमात दोन कण द्यायचे की चार, की सहा. आणि ज्याला घाई नाही त्याचे सामान थोडे थांबवून, हवा स्वच्छ असेल तेव्हा सावकाश पाठवायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले बालाजी प्रभाकर, एलिफ उयसाल-बियिकोग्लू आणि अब्बास एल गमाल या तिघांनी २००१ साली दाखवून दिले की, ठरलेल्या मुदतीच्या आत, पण शक्य तितके रेंगाळत पाठवले, तर शक्ती वाचते. या रीतीला त्यांनी नाव दिले “आळशी”. आळसाला असा मान पूर्वी कुणी दिला नसेल!

मात्र अति आळसही बरा नव्हे. मोबाईलचे यंत्र नुसते जागे ठेवण्यालाही खर्च असतो. एकेक निरोप सुटा-सुटा पाठवून त्याला रात्रभर उठवत बसावे, त्यापेक्षा चार निरोप एकत्र करून पाठवावेत आणि त्याला झोपू द्यावे. एस.टी. एकेका उतारूसाठी सुटत नाही. गाडी भरते, मग सुटते. हा तोल सांभाळणे, हीच या शास्त्राची सारी करामत आहे.

या करामतीचा फायदा कंपन्यांनी आम्हाला किती दिला? टॉवरच्या यंत्रणेतच कंपनीची बहुतेक वीज जाते; आणि त्यातला बराच भाग लहरी म्हणून आकाशात न जाता उष्णता होऊन डब्यातच राहतो. चौथ्या पिढीचा टॉवर तर मध्यरात्री, एकही गिऱ्हाईक जागे नसताना, दर मिलिसेकंदाला “मी आहे, मी आहे” असे आकाशाला सांगत बसतो. पाचव्या पिढीत ही हाक एरवी वीस मिलिसेकंदांतून एकदा दिली तरी चालते. मधल्या वेळात यंत्राला डुलकी घेता येते. शास्त्राने झोपायची सोय केली. पण माझा विद्यार्थी अजूनही पावसाळ्यात डिझेलचे कॅन खांद्यावर घेऊन टॉवरचा डोंगर चढतो. ते डिझेल जाळून त्या रिकाम्या हाका चालतात. २०१२ च्या जानेवारीत सरकारने कंपन्यांना सांगितले होते की, २०१५ पर्यंत निदान निम्मे आणि २०२० पर्यंत पाऊणपट ग्रामीण टॉवर सौर किंवा तत्सम शक्तीच्या जोडीने चालवा. ती मुदत कधीच उलटून गेली. आपापल्या गावच्या टॉवरखाली जाऊन नाक वर करा. धुराचा वास आला, तर त्या आज्ञेचे तुमच्या गावापुरते काय झाले, ते कळेल.

आणि आम्ही नाही म्हटले तेव्हा या कंपनीच्या माणसांनी काय केले? ग्रामसभेत उभे राहून कुणीतरी एवढे सांगायला हवे होते, “मंडळी, टॉवर दूर गेला तर तुमचे मोबाईल ओरडतील.” एकाही माणसाने ते सांगितले नाही. शाळेजवळ नको तर कुठे, हेही विचारले नाही. नकाशाची घडी केली आणि गेले. आमचे अज्ञान त्यांच्या सोयीचे होते. अज्ञानाबद्दल मी गावाला अर्धी माफी देतो. ज्ञान असून जे गप्प बसले, त्यांना ती नाही.

* * *

नुसती टीका करणे सोपे असते, म्हणून चार मागण्या मांडतो.

पहिली कंपन्यांकडे. टॉवर उभारण्यापूर्वी ग्रामसभेला दोन आकडे द्या : टॉवर इथे असला तर लोकांच्या मोबाईलांना किती जोर लागेल, आणि दूर असला तर किती. गाव अडाणी असेल, पण बेरीज-वजाबाकी त्याला येते.

दुसरी सरकारकडे. टॉवरांची माहिती लोकांना पाहता यावी म्हणून २०१७ साली “तरंग संचार” नावाची सोय तुम्ही केलीत, ती चांगली केलीत. तीच माहिती मराठीत, मोजमापाच्या तारखेसह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. भीतीला उजेडाखेरीज दुसरे औषध नाही.

तिसरी मोबाईल बनवणाऱ्यांकडे. मोबाईलच्या कपाळावर तुम्ही ज्या चार-पाच रेघा काढता, त्या आम्हाला टॉवर किती ऐकू येतो एवढेच सांगतात. आमचा मोबाईल किती ओरडतो आहे, याची रेघ कुठे आहे? तो आकडा यंत्राला पोटात माहीत असतो. मालकापासून तो का लपवता? ती एक रेघ असती, तर आमच्या गावाचे डोळे ग्रामसभेनंतर आठ दिवसांत उघडले असते.

चौथी मागणी तुम्हाआम्हाकडे. लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला शुभेच्छांची जी नाचरी चित्रफीत शंभर जणांना पाठवायची तुमची तयारी झाली आहे, ती राहू द्या. दोन ओळी लिहून पाठवा. त्यांना फार थोडी शक्ती लागते आणि त्या वाचल्याही जातात. फीत पाठवायचीच असेल तर घरच्या वायफायवरून पाठवा. रेघ एकच दिसत असेल तर मोबाईल कानाशी धरून तासभर बोलू नका. रेंज मुळीच नसेल आणि कुणाचा फोन यायचा नसेल, तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. बिचारा शोधून शोधून मरतो. आणि घरात कुणी आजारी असेल तर एक मोबाईल भरलेला, बाजूला काढून ठेवा. ही शेवटची गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते.

कुणी म्हणेल, एका मोबाईलच्या बॅटरीपायी केवढा हा आरडाओरडा! खरे आहे. मी ओरडतो आहे, कारण मी दूर आहे. जवळ असतो तर हळू बोललो असतो.

दिवाळी संपली की आमच्याकडे ग्रामसभा भरेल. या वेळी मी दुसरा अर्ज घेऊन जाणार आहे. त्यात विषारी पाऊस नाही, एकही अलंकार नाही. सगळी मोजमापे माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतली आहेत. टॉवर गावात हवा, मारुतीच्या टेकाडावर हवा, मर्यादेत हवा, सौरशक्तीवर हवा आणि त्याचे मोजमाप पंचायतीच्या फळ्यावर हवे, एवढेच त्यात लिहिले आहे. पहिली सही माझी आहे. दुसरी आईची. पूर्वी ती आपले नाव वळणदार अक्षरांत लिहीत असे. आता डाव्या हाताचा अंगठा लावला आहे.

तिसऱ्या सहीची जागा मोकळी आहे. टॉवर नको म्हणणारांनो, ती तुमच्यासाठी ठेवली आहे.